कोंबडीला हात लावला का, असं विचारू नका

आरोग्य खात्यातल्या नोकरीची पहिली दहा वर्षं मी हाच प्रश्न विचारत आले. ताप-खोकल्याचा पेशंट, हातात फॉर्म, दारातच उभं राहून "कोंबडीला हात लावला का?" उत्तर ठरलेलं. "नाही ओ मॅडम." मी 'नाही'वर खूण करायची आणि पुढच्या घराची कडी वाजवायची.

२०२५ च्या मार्चमध्ये सोलापुरात किल्ल्याच्या बाजूला, कंबर तलावाकडं कावळे मरून पडायला लागले. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला : बर्ड फ्लू. आम्हा ग्रामीणवाल्यांनाही शहरात मदतीला बोलावलं. त्याच आठवड्यात पूर्व भागातल्या एका विडी कामगार बाईंना ताप आणि दम लागून ॲडमिट केलं होतं. केसपेपरवर लिहिलं होतं, 'पक्ष्यांशी संपर्क नाही.' मी घरी गेले. सोबत तिथलीच आशा कार्यकर्ती होती, कारण घरात सगळं तेलुगू. सुनेला विचारलं, कोंबड्या आहेत का? नाहीत. चिकन आणलं होतं का? नाही, उपास चालू. मग आशाताई पाणी प्यायला म्हणून आत टेकली आणि तिला पलंगाखालून आवाज आला. विडीचं पान ठेवायच्या टोपलीत एक गुलाबी रंगवलेलं पिल्लू. नातवानं सायकलवाल्याकडून दोन घेतलेली. दुसरं चार दिवसांपूर्वी मेलं होतं आणि आजीनंच ते हातानं उचलून नाल्यात टाकलं होतं.

"अहो, मग नाही का म्हणालात?"

सून म्हणाली, "तुम्ही कोंबडी विचारलात की. हे पिल्लू आहे."

त्या बाईंचा अहवाल नेहमीच्या फ्लूचा आला, बऱ्या होऊन घरीही गेल्या. माझ्या नोकरीत माणसातला बर्ड फ्लू मी अजून पाहिलेला नाही. पण त्या दिवसापासून मी तो प्रश्न सोडला. आता तालुक्यात नव्या भरतीचे आरोग्यसेवक, एएनएम (नर्सताई), सीएचओ (उपकेंद्राचे आरोग्य अधिकारी) आलेत. त्यांना दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

कधी उठायचं

घंटा दोन बाजूंनी वाजते. एक पक्ष्यांकडून : कावळे, बगळे पडतायत, शेडमध्ये मरतुक वाढलीय, परसातल्या गावरान कोंबड्या एका रात्रीत गेल्या. दुसरी माणसाकडून : ताप, खोकला, दम, आणि मागच्या दोन आठवड्यांत पक्ष्यांशी काहीतरी संबंध. दोन्हींपैकी एकही वाजली की पशुधन विकास अधिकाऱ्यांना फोन करायचा आणि आपल्या मेडिकल ऑफिसरना सांगायचं. पशुसंवर्धनवाल्यांचा नंबर मोबाईलमध्ये आजच सेव्ह करा. त्यांचा टोल फ्री १९६२ आहेच, पण रात्री नऊ वाजता ओळखीचा माणूस उचलतो तेवढं लवकर दुसरं कुणी उचलत नाही.

आपल्याकडं लोक कोंबड्यांच्या कुठल्याही मरतुकीला 'मानमोडी' म्हणतात. मानमोडी म्हणजे राणीखेत, तो वेगळा रोग. पण माणूस "मानमोडी आली होती" म्हणाला म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका. त्यानं काही तपासणी केलेली नसते. तुरा आणि चोचीखालचे लोळ निळे-काळे पडले होते का, डोकं सुजलं होतं का, एकाच दिवसात किती गेल्या, एवढं विचारून घ्या आणि पुढचं डॉक्टरांवर सोडा. जनावरांच्या डॉक्टरांवर, म्हणतेय.

भोपाळचा अहवाल येईपर्यंत हातावर हात ठेवून बसायचं नाही. शेडमध्ये कोण कोण होतं ही यादी त्याच दिवशी होते. आठ दिवसांनी माणसं विखुरतात.

एवढी धावपळ कशाला, आजार तर दुर्मीळ, असं एका नव्या पोरानं विचारलं. बरोबर आहे, दुर्मीळच आहे. १९९७ मध्ये हाँगकाँगला माणसात पहिल्यांदा एच५एन१, म्हणजे हाच बर्ड फ्लूचा विषाणू, सापडला तेव्हा १८ जण आजारी, त्यातले ६ गेले. महाराष्ट्रात नवापूरला २००६ मध्ये लाखो कोंबड्या माराव्या लागल्या, माणसात मात्र आढळला नाही. भारतात या विषाणूनं गेलेला पहिला माणूस २०२१ मधला, हरियाणाचा ११ वर्षांचा मुलगा. २०२५ मध्ये आंध्रातल्या पालनाडू जिल्ह्यातली दोन वर्षांची मुलगी. २००३ पासून जगभरात नोंदले गेलेले रुग्ण हजाराच्या आसपास, पण त्यातले जवळजवळ निम्मे दगावले. आणि हा विषाणू माणसामाणसांत सहज पसरायला लागलाय का, हे पहिल्यांदा कळणार ते कुठल्या तरी उपकेंद्राच्या रजिस्टरमध्येच. म्हणून धावपळ.

पिशवी

एन-९५ मास्क, हातमोजे, गॉगल, थर्मामीटर, ऑक्सिमीटर, व्हीटीएमच्या (विषाणू टिकवणाऱ्या द्रवाच्या) नळ्या, नमुन्याच्या काड्या, बर्फाचा डबा, फॉर्म, परमनंट मार्कर. मार्कर विसरू नका, त्याचं पुढं सांगते. शेडच्या आत जायचं असेल तर पूर्ण पीपीई किट. आणि इथं सोलापूरचं ऊन मध्ये येतं. मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो. दुपारी बाराला पत्र्याच्या शेडमध्ये किट घालून गेलात तर बर्ड फ्लूच्या आधी उष्माघात होईल. सकाळी सातला जा, नाहीतर पाचनंतर. किट घालण्याआधी पोटभर पाणी प्या, ओआरएसची पाकिटं सोबत ठेवा, बाहेर एक माणूस घड्याळ बघत उभा करा. काढताना घाई नको. विषाणू अंगावर येतो तो काढतानाच, घामानं डोळे चुरचुरतात आणि हात आपोआप तोंडाकडं जातो. आधी हातमोजे, हात धुवा, मग गॉगल, मग गाऊन, पुन्हा हात, मास्क सगळ्यात शेवटी आणि तोही शेडपासून लांब येऊन.

विचारायचं कसं

खरं काम हे. बाकीचं सगळं कुणीही करेल.

पेशंट दवाखान्यात असेल तर आधी त्याला मास्क लावलाय का, वेगळ्या खोलीत आहे का ते बघा. जनरल वॉर्डात चौदा खाटांच्या मध्ये बसून चौकशी करायची नाही. खोलीला खिडकी हवी, उघडी हवी. मग स्टूल घेऊन बसा. उभ्या माणसाला लोक उभ्या उभ्याच उत्तर देतात.

पहिलं, ताप कुठल्या दिवशी आला. ॲडमिट कधी झाला ते नको, आजारी कधी पडला ते. तारीख कुणालाच आठवत नाही. आमच्याकडं वार आणि बाजार आठवतो. "मंगळवार बाजाराच्या आधी का नंतर?" "अमावस्येला कामावर होता का?" असं करत करत मी तारखेपर्यंत येते. एकदा मी दाखल झाल्याची तारीखच लक्षणांची तारीख म्हणून लिहिली. पाच दिवसांचा फरक पडला आणि त्या पाच दिवसांत ज्यांच्याबरोबर तो जेवला-झोपला ते सगळे यादीतून सुटले. वरच्या साहेबांच्या नंतर लक्षात आलं, म्हणून निभावलं.

तारीख मिळाली की तिथून मागं चौदा दिवस चालत जायचं. बहुतेकांना संपर्कानंतर दोन ते पाच दिवसांत लक्षणं येतात, पण क्वचित दोन आठवडे उलटूनही येतात. या चौदा दिवसांत 'संपर्क' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. त्यानं काय काय *केलं* ते विचारायचं. माझी फिरती अशी असते :

घरात, परसात, शेजारी पक्षी आहेत का? खुराडं कोण झाडतं? डालग्याखालची घाण कोण काढतं? पोरांनी पिल्लू, कबूतर, लव्हबर्ड आणलंय का? मेलेला कावळा कुणी उचलला का, काठीनं ढकलला का? चिकनच्या दुकानात जिवंत पक्षी कापून घेतलात का, पिसं उडत होती तिथं उभे होतात का? कुणी रात्री शेडवर पक्षी भरायला जातं का? (हे कधी सुटू देऊ नका. गाडीत कोंबड्या भरायला रोजंदारीवर जाणारी पोरं घरी सांगत नाहीत, मित्राकडं झोपलो म्हणतात.) डाळिंबाला कोंबडखत टाकलं का? सांगोला-मंगळवेढ्याकडचा माणूस असेल तर हा प्रश्न पहिला. पोती फोडून हातानं खत पसरलेला माणूस "कोंबड्या नाहीत आमच्याकडं" असं अगदी खरं सांगतो. जत्रेत, देवाला कोंबडं दिलं का, सोललं कुणी? उजनीच्या काठावर मासे धरायला गेला होता का, तिथं पक्षी मेलेले दिसले का?

घरातलं मांजर मेलं का, हाही प्रश्न मी आता घातलाय. २०२४ च्या डिसेंबरमध्ये नागपूरच्या गोरेवाड्यात वाघ आणि बिबट्या याच विषाणूनं गेले, २०२५ च्या सुरुवातीला पलीकडं छिंदवाड्यात पाळलेल्या मांजरांत तो सापडला. मांजरानं मेलेला पक्षी ओढून आणला तर ते येऊन झोपतं कुठं? पोरांच्या पांघरुणात.

लहान मुलांचं सगळं त्यांच्या आईला विचारा, पण स्वयंपाकघरात बसून. त्या आंध्रातल्या मुलीनं आजारी पडण्याआधी कच्च्या चिकनचा तुकडा खाल्ला होता, असं तिच्या घरच्यांनी सांगितलं होतं. असली गोष्ट छापील फॉर्मच्या रकान्यातून येत नाही. आई चिकन साफ करतेय, पोर मांडीला लोंबकळतंय, हे चित्र तुमच्या डोळ्यासमोर असेल तरच तुम्ही विचाराल.

दोन सोलापुरी अडचणी. पहिली भाषा. तेलुगूत कोंबडी म्हणजे कोडी, कन्नडमध्ये कोळी. अक्कलकोटकडच्या गावात एका नव्या आरोग्यसेवकानं "घरात कोळी आहेत" हे ऐकून रकान्यात चक्क 'जात : कोळी' लिहिलं होतं. हसू नका, तुम्हीही लिहाल. आपल्याला भाषा येत नसेल तर त्या गल्लीतलीच आशा सोबत घ्या, पेशंटच्या पोराला दुभाषा करू नका. पोरगं बापाच्या अब्रूचं झाकून सांगतं. दुसरी अडचण खोकला. यंत्रमागावर कापसाची धूळ, विडीत तंबाखूची धूळ, इथं निम्म्या घरात कुणी ना कुणी बारमाही खोकतंच. "खोकला आहे का" विचारलं तर "तो कायमचाच हाय" म्हणतात. म्हणून विचारायचं, नेहमीच्यापेक्षा काय बदललं? ताप ३८ अंशांच्या वर गेला का? जिना चढताना दम लागतो का, तो कधीपासून? डोळे लाल आहेत का? अमेरिकेत २०२४ मध्ये गाईंच्या गोठ्यातल्या कामगारांना झाला तो बहुतेक नुसत्या डोळे येण्यावर निभावला. कुणाला जुलाबही होतात. ऑक्सिमीटर लावा, आकडा ९४ च्या खाली असेल तर चौकशी तिथंच थांबवा आणि १०८ बोलवा.

घशातली काडी

औषध अहवालासाठी थांबत नाही. संशय पक्का वाटला की डॉक्टर ओसेल्टामिवीर सुरू करतात, मोठ्या माणसाला साधारण ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस, लहानांना वजनावर. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोग, पण उशीर झाला म्हणून गंभीर पेशंटचं टाळायचं नसतं. डोस आपण ठरवायचा नाही, उशीर होऊ नये एवढं आपण बघायचं.

नमुना शक्यतो औषधाच्या आधी, पण नमुन्यासाठी औषध अडवू नका. नाकाच्या मागून आणि घशातून, दोन्ही. डोळे लाल असतील तर डोळ्याचाही. काडी मऊ टोकाची, प्लॅस्टिक दांड्याची. लाकडी काडीवरचा कापूस चालत नाही, पीसीआर बिघडवतो. आजार फुप्फुसात खोल गेला असेल तर नाका-घशाची काडी कोरी येऊ शकते, तिथं दवाखान्यातले डॉक्टर खालच्या श्वासनलिकेतला नमुना घेतात. आणि बाजारातली फ्लूची झटपट पट्टी निगेटिव्ह आली म्हणून फाईल बंद करायची नाही. पीसीआरला फ्लूचा 'ए' प्रकार पॉझिटिव्ह येतोय पण नेहमीचा एच१, एच३ लागत नाही, असं कळलं तर ती खरी धोक्याची घंटा. तो नमुना पुण्याला एनआयव्हीकडं (राष्ट्रीय विषाणू संस्थेकडं) लगेच गेला पाहिजे. मेळघाटातल्या १७ महिन्यांच्या बाळात २०१९ मध्ये एच९एन२, म्हणजे बर्ड फ्लूचाच दुसरा प्रकार, सापडला, तोही एका सर्वेक्षणाच्या नमुन्यातच.

आता मार्कर. एकदा एका घरातल्या तिघांचे नमुने घेतले आणि लेबलवर जेल पेननं झोकात नावं लिहिली. डब्यातल्या बर्फाला पाणी सुटलं. उघडलं तेव्हा तीन नळ्या, तीन निळे डाग. कुणाची कुठली, देवाला ठाऊक. दुसऱ्या दिवशी परत काड्या घालायला गेले तर म्हातारबाबांनी दारच लावून घेतलं. "काल घातलीस की, आज परत काय करूलालीस?" त्यांचं काही चुकलं नव्हतं. तेव्हापासून परमनंट मार्कर, वर पारदर्शक चिकटपट्टी, आणि नळीचा नंबर फॉर्मवर आणि माझ्या वहीत. नळी शोषून घेणाऱ्या कापसात, ती बंद पिशवीत, पिशवी कडक डब्यात, डबा बर्फात. २ ते ८ अंश, आणि ७२ तासांच्या आत पोचलं पाहिजे. फॉर्म बर्फात टाकू नका, वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये वरून चिकटवा.

यादी

दोन याद्या होतात आणि लोक त्या एकत्र कालवतात. एक पेशंटच्या जवळच्यांची : घरचे, एका मीटरच्या आत बसलेले, सेवा केलेले, मास्कविना तपासलेले दवाखान्यातले. दुसरी पक्ष्यांच्या जवळच्यांची : शेड मालक, गडी, भरणारे, कापणारे, मेलेले पुरणारे, आणि नंतर पक्षी मारायला आलेलं पशुसंवर्धनचं पथकसुद्धा. त्यांना प्रतिबंधक गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतात. दोन्ही याद्यांतल्या प्रत्येकाला शेवटच्या संपर्कापासून दहा दिवस रोज विचारायचं. ताप दिवसातून दोनदा. आशाला नंबर वाटून द्या, एकीला पंचवीसपेक्षा जास्त घरं नकोत.

शेडवाला माणसं लपवतो. त्याच्यावर चिडू नका, त्याची बॅच गेलीय, डोक्यावर कर्ज आहे, आणि पेपरात गावाचं नाव आलं की वर्षभर कोणी पिल्लं टाकत नाही. एका शेडवर मला सांगितलं, दोनच गडी आहेत. भिंतीला बघितलं तर खुंट्यांवर चार टॉवेल. मी काही बोलले नाही, चहा घेतला. निघताना म्हटलं, "औषधं चार जणांची देऊन ठेवते, लागली तर." संध्याकाळी त्याचाच फोन आला : दोघं इंडीकडं गावी गेलेत, एकाला कणकण आहे. कर्नाटकातल्या माणसाला आपण जाऊन गाठायचं नाही. नाव, गाव, मोबाईल जिल्हा साथरोग अधिकाऱ्यांना द्यायचं, ते तिकडच्यांशी बोलतात. पण त्याच रात्री, सकाळवर टाकायचं नाही.

लोक चिकन-अंड्याचं विचारणारच. सांगा, खळखळ शिजवलेलं खा. ७० अंशांला विषाणू टिकत नाही आणि आपल्या रश्श्याची उकळी त्याच्या कितीतरी वर असते. धोका ताटात कमी, चिरायच्या पाटावर जास्त. त्याच सुरीनं कोथिंबीर चिरायची नाही.

याद्या झाल्या की मी एका कागदावर आडवी रेघ मारते, खाली तारखा, वर माणसं. शेडमधली माणसं मरतुकीनंतर दोन-चार दिवसांत एकदमच आजारी पडली असतील तर बहुधा सगळ्यांना पक्ष्यांकडूनच मिळालं. पण पहिला पेशंट पडल्यानंतर आठवडाभरानं त्याची बायको पडली आणि ती शेडकडं फिरकलीही नव्हती, तर पेन खाली ठेवा आणि फोन उचला. तालुका, जिल्हा, सगळ्यांना. सरकारी पोर्टलवर नोंद नंतर करा, आधी तोंडानं सांगा. माणसात असा नवा विषाणू पक्का झाला तर देशानं जागतिक आरोग्य संघटनेला २४ तासांत कळवायचं असतं, आणि ते २४ तास तुमच्या फोनमुळं वाचतात किंवा जातात.

राहिलं रक्त, विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं वाढली का ते बघायला. पहिली नळी आजाराच्या पहिल्या आठवड्यात, दुसरी दोन ते चार आठवड्यांनी. दुसऱ्या वेळी माणूस ठणठणीत असतो, कामावर असतो, रक्त द्यायचं त्याला काही कारण दिसत नाही. म्हणून पहिल्या वेळीच तारीख सांगून ठेवा, आणि ती त्याच्या सुट्टीच्या दिवशीची घ्या; यंत्रमागवाल्याची आठवड्याची सुट्टी कधी ते विचारून. दुसऱ्या नळीवर पहिल्या नळीचाच नंबर टाका. नुसत्या नावावर भागत नाही, आमच्याकडं एका गल्लीत एकाच नावाचे चार सिद्राम निघतात.